तोफूच्या दुकानावरची इंग्रजी पाटी

२०१४च्या नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या रविवारी आमच्या गल्लीतल्या सहा दुकानांना इंग्रजी पाट्या लावायचं ठरलं. खर्च अठ्ठेचाळीस हजार येन, म्हणजे पाटीमागे आठ हजार. बैठक तांदळाच्या दुकानामागच्या खोलीत झाली. हजर होते दुकानदार संघाचे अध्यक्ष, म्हणजे स्वतः तांदूळवाले, तोफूच्या दुकानातल्या बाई, बेकरीवाला, औषधवाला, सायकलवाला, लाँड्रीवाल्यांची सून, आणि मी. मी दुकानदार नव्हतो. गल्लीच्या टोकाला ज्या उंच इमारती आहेत, त्यांतल्या एकीत सातव्या मजल्यावर राहणारा भारतीय, जपानी बऱ्यापैकी बोलणारा, आणि तांदूळवाल्यांच्या मते मोजूनमापून लिहिणारा, म्हणून मला बोलावलं होतं. मजकूर मी लिहून द्यायचा होता. त्याचे पैसे घेणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं.

हिगाशी-कसाई या भागात आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं आहेत. पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलेली, दोन वर्षांसाठी म्हणून आलेली आणि दहा वर्षं राहिलेली. या गल्लीत इंग्रजी अजिबात नव्हतं असं नाही. कपड्यांच्या दुकानावर होतं, केशकर्तनालयावर होतं, कॉफीच्या दुकानाच्या काचेवर तर अख्खा परिच्छेद होता. ते सगळं नटायला लावलेलं. त्यातून काही कळत नसे आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नसे. दुकान कोणत्या वारी बंद, कार्ड चालतं का, रांग कुठून धरायची, हे सारं जपानीत. म्हणजे जे वाचता येतं ते उपयोगाचं नाही आणि जे उपयोगाचं ते वाचता येत नाही, अशी आमची स्थिती होती. आम्हाला तिची सवय झाली होती.

सवय झाली नव्हती ती तांदूळवाल्यांना. २०११च्या मार्चमध्ये भूकंपानंतर त्यांनी दुकानात पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या आणि बाहेर कागद लावला होता, की घरटी दोन बाटल्या न्याव्यात. कागद जपानीत. दुकानापुढच्या बसथांब्यावर आमच्यातली काही कुटुंबं कडेवर मुलं घेऊन उभी होती, विमानतळाकडे निघालेली. त्यांना पाणी हवं होतं. कागद त्यांच्यासमोर होता. कुणी आत आलं नाही. तांदूळवाल्यांना हे दुसऱ्या दिवशी कळलं, कुणाकडून तरी. बैठकीत ते एवढंच म्हणाले, "मी दारात जाऊन हाका मारायला हव्या होत्या. मी कागदावर विसंबलो." साडेतीन वर्षं हे त्यांच्या मनात होतं. वॉर्डाकडून निम्मा खर्च मिळतोय असं कळल्याबरोबर त्यांनी बैठक घेतली.

माझी बायको आणि मुलगीही त्या मार्चमध्ये पुण्याला गेल्या होत्या. मी ऑफिसमुळे राहिलो. त्या परत आल्यावर वर्षभराने आईला पहिल्यांदा इकडे आणलं. वडील जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते.

आईचं इकडे येणं म्हणजे नव्वद दिवसांचा व्हिसा. पहिल्या खेपेला ती कंटाळली. आम्ही दोघं कामावर, नात शाळेत, संध्याकाळी घरी आलेली नात आजीशी निम्मं जपानीत बोलणार. आई म्हणायची, "तुमच्याकडे लिफ्ट बोलते, अंघोळीचा टब बोलतो, भाताचा कुकर गाणं म्हणतो. माणसं तेवढी गप्प." दुसऱ्या खेपेला, २०१३मध्ये, तिला तोफूचं दुकान सापडलं. आम्ही पनीरऐवजी तोफू तिथूनच आणायचो. आई एकदा बायकोबरोबर गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकटी जाऊ लागली.

दुकान अगदी लहान. पुढे पाण्याची टाकी, त्यात तोफूचे ठोकळे. बाजूला काचेच्या कपाटात तळलेला तोफू आणि घरी केलेल्या दोन-तीन भाज्या, प्लास्टिकच्या डब्यांत. बाईंचे यजमान पहाटे तोफू करायचे आणि दुपारी झोपायचे. दुपारचं दुकान बाई एकट्या सांभाळायच्या. वयानं आईहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आईला बसायला एक स्टूल दिलं. आई मराठीत बोलायची, बाई जपानीत. कोण काय म्हणालं हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नसायचं आणि दोघी घरी जाऊन सांगायच्या की आज छान गप्पा झाल्या. बाईंनी हे मला स्वतः सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी भिजत घालायचं सोयाबीन बाई परातीत काढायच्या आणि आई ते निवडायची. त्यात खडा कधी सापडला नाही, सापडणारही नव्हता. पण दाणे निवडल्याशिवाय पाण्यात घालायचे हे आईला पटत नव्हतं. बाईंनी तिला कधी अडवलं नाही.

सोयाबीनचं दूध काढलं की चोथा उरतो. त्याला इथं ओकारा म्हणतात. बाई त्याची भाजी करत, गाजर, अळंबी आणि कांद्याची पात घालून, किंचित गोडसर, मोकळी. रोज चार वाजता आईच्या हातात एक बशी यायची. पहिल्या दिवशी आई घरी येऊन म्हणाली, "सांजा आहे रे तो. तिखटामिठाचा सांजा. फक्त फोडणी विसरली बिचारी." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव सांजा.

आई शाकाहारी. अंडंसुद्धा नाही, केक घेतला तरी आधी विचारणार. म्हणून त्या आठवड्यात मी दुकानात जाऊन बाईंना विचारलं होतं, "या भाजीत मांस किंवा मासा नाही ना?" बाईंनी "नाही" म्हणून सांगितलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, आणि माझ्या दृष्टीनं ती बाब पूर्ण झाली.

आई निरीक्षण करणारी होती. एकदा तिनं मला सांगितलं, की बाई आतल्या खोलीत पाणी उकळून त्यात लाकडाची सालपटं टाकतात, सुताराच्या रंध्यातून पडतात तसली पातळ, गुलाबीसर. मग गाळून टाकतात. "कसली हो सालपटं?" बायकोनं विचारलं. आई म्हणाली, "असतील कुठल्या झाडाची. आपण नाही का गोड्या मसाल्यात दगडफूल घालत? ते तरी कुठे दिसायला खाण्यासारखं असतं? वासासाठी घालायचं." आम्ही हसलो. मला वाटलं, मशेरीपासून मसाल्यापर्यंत सगळ्याला आईकडे घरचा दाखला असतो.

तर बैठक. आई तेव्हा तिसऱ्या खेपेला आलेली होती आणि पुन्हा रोज दुपारी दुकानात जात होती. बेकरीची पाटी झाली, औषधांची झाली. तांदूळवाले म्हणाले, "भारतीय गिऱ्हाईक नेहमी विचारतं, आत काय आहे. ते पाटीवरच असू द्या." हे मलाही मान्य होतं. आमच्या एका इमारतीतच भारतीय कुटुंबांपैकी निम्म्याहून जास्त शाकाहारी होती आणि दुकानात जाऊन विचारायला जपानी येणारी फार थोडी. मी तोफूवाल्या बाईंना एकेक जिन्नस विचारत गेलो आणि लिहीत गेलो. ओकाऱ्याच्या भाजीशी आलो.

"ओकारा, गाजर, अळंबी, पात, साखर, सोया सॉस," बाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "आणि दाशी."

दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकातलं मूळ पाणी, चवीचं. ते कशाकशाचं करतात हे मला माहीत होतं. मिसो सूप आम्ही घरी समुद्री शेवाळाच्या, कोम्बूच्या दाशीत करायचो.

"दाशी कोम्बूची?"

"कात्सुओची. ओकाऱ्याला कात्सुओच लागते. कोम्बूनं बेचव होतो."

कात्सुओ हा मासा. वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यावर किसतात. सालपटं पातळ आणि गुलाबीसर असतात.

मी म्हणालो, "मग त्यात मासा आहे."

"मासा कुठे? दाशी आहे."

"पण ती माशाची आहे ना?"

बाई हसल्या. "मासा गाळून टाकते हो मी. राहते ती चव."

तांदूळवाल्यांनी विचारलं, "भारतात दाशीलासुद्धा मासा धरतात का?"

"धरतात."

"चव धरतात?" लाँड्रीवाल्यांची सून म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"पाटीवर मासा लिहिलात तर लोकांना ते मासळीचं दुकान वाटेल," सायकलवाला म्हणाला, आणि सगळे हसले. बाईसुद्धा. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा. खरं ते लिहा. तुमच्या लोकांना कळायला हवं." आई रोज तीच भाजी खाते हे त्या क्षणी त्यांच्या मनात आलं नाही. आलं असतं तर त्या हसल्या नसत्या. आणि मी ते त्यांना त्या खोलीत, पाच जणांसमोर, सांगितलं नाही.

मी लिहिलं. भाजीचं नाव, किंमत दीडशे येन, जिन्नस, आणि खाली लाल अक्षरांत, की यात माशाचा अर्क आहे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या करत होती. तिनं गॅस बंद केला.

"आईंना सांगणार आहेस?"

"सांगायला नको का?"

"पाटी इंग्रजीत आहे. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. जानेवारीच्या मध्याला त्या जाणार. तोवर गप्प बसलास तर तुझं काय जातं?"

"चौथ्या मजल्यावरच्या गुजराती बाई सांगतील. पाटी वाचतील आणि लगेच येऊन सांगतील."

"मग त्यांना सांगू दे."

"म्हणजे लोकांसाठी खरं लिहायचं आणि घरात लपवायचं?"

"अरे, त्या दुपारी तिथं जातात म्हणून सुखात आहेत. ती एक जागा आहे त्यांना इथे. तू ती काढून घेणार आहेस आणि वर म्हणणार, मी खरं बोललो." तिनं गॅस पुन्हा पेटवला. "सांग. तुला राहवणार नाहीच."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी आईनं हे शेजारणीकडून ऐकावं हे मला नको होतं. जेवणं झाल्यावर मी आईला सांगितलं. दाशी काय असते, सालपटं कशाची, बाईंनी मला 'नाही' का सांगितलं होतं, सगळं क्रमानं. आईनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तिनं जाणूनबुजून नाही दिलं."

"नाही. त्यांच्यात तो मासा धरतच नाहीत."

"मग तिला यातलं एक अक्षर बोलायचं नाही. कळलं? दोन खेपा खाऊ घातलं तिनं मायेनं. तिला असं सांगायचं, की तुझ्या हातचं खाऊन मी बाटले?"

"असं नाही सांगणार मी. नीट समजावून सांगतो."

"कसंही सांगितलंस तरी तिला तेच ऐकू येईल."

दुसऱ्या दिवशी आईनं नुसतं दूध घेतलं, आणि देवापुढे बराच वेळ बसली. त्यापलीकडे तिनं त्याचा बाऊ केला नाही. मला वाटलं, निभावलं. पण चार वाजले तरी ती घरातच होती. त्या आठवड्यात ती दुकानात गेली नाही.

शनिवारी मी म्हणालो, "आई, भाजी खाऊ नकोस. नुसती जाऊन बस."

"गेले की ती बशी देणार. नको म्हटलं तर का नको ते कसं सांगू? हातवारे करून? आजवर सगळं हातवाऱ्यांनीच झालं, ते हो म्हणण्यापुरतं झालं. नाही म्हणायला भाषा लागते रे."

"मी येतो बरोबर."

"तू येऊन काय सांगणार आहेस? त्यापेक्षा विचारलं तर सांग, थंडी आहे, गुडघे दुखतात."

डिसेंबरच्या सुरुवातीला पाट्या लागल्या. सहाही चांगल्या झाल्या होत्या. निळ्यावर पांढरी अक्षरं, दुरून दिसणारी. तोफूवाल्या बाई सकाळी दुकान उघडताना टाकीआधी पाटी पुसायच्या. पाटीचा उपयोगही झाला. आमच्या इमारतीतल्या ज्या बायका दारातूनच पुढे जायच्या, त्या आत जाऊन तोफू घेऊ लागल्या. भाजी मात्र शाकाहारी कुटुंबांनी सोडली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये म्हटलं, "बरं झालं तुम्ही लिहिलंत. आम्ही तर मुलांना डब्यात द्यायचो." मी मान हलवली. त्या पाटीमुळे सगळ्यांना सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त दुकानातल्या बाईंना. लाल ओळ तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच लिही म्हटलं होतं. पण ती कुणाला लागू पडली, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

मी स्टेशनवरून घरी येताना त्या मला थांबवायच्या.

"ओकाआसान बरी आहे ना?" ओकाआसान म्हणजे आई.

"बरी आहे. थंडीनं गुडघे धरलेत."

"डॉक्टरकडे नेलंत?"

"तसं काही नाही."

"माझं काही चुकलं का?"

हे त्यांनी तिसऱ्या वेळी विचारलं. मी म्हणालो, "नाही, अजिबात नाही." आईला शब्द दिला होता. शब्द पाळताना मी रोज एक खोटं बोलत होतो, आणि तेही खरं लिहिल्याच्या पोटी. त्या दिवशी बाईंनी गरम सोयादूध काचेच्या बाटलीत भरून दिलं. आईनं बाटली हातात घेऊन विचारलं, "यात?" मी सांगितलं, नुसतं सोयाबीन. ती प्यायली. बाटली धुतली, आणि रिकामी परत करायची नाही म्हणून तिच्यात चिवडा भरला. तो नेऊन द्यायला बायकोला पाठवलं. दोन दिवसांनी बाटली पुन्हा सोयादूध घेऊन आली, पुन्हा चिवडा घेऊन गेली. दोघींमधलं अंतर दोनशे पावलांचंही नव्हतं.

दुपारी आई गॅलरीत बसायची. खाली मुलांचं मैदान दिसायचं. एकदा मी लवकर घरी आलो तेव्हा ती परातीत मुगाची डाळ घेऊन निवडत होती. सुपरमार्केटमधली, पाकीटबंद. मला पाहून म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ रे."

"का? काही दुखतंय का?"

"नाही. दुपारी काय करायचं ते कळत नाही इथे."

ट्रॅव्हल एजंटला फोन केला. तो म्हणाला, स्वस्तातलं तिकीट आहे, बदल एकदाच होईल आणि त्याचे वीस हजार येन पडतील. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली एक जागा होती. मी पैसे भरले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "चल, तिला भेटून येऊ. न सांगता गेले तर बरं दिसणार नाही."

"आणि बशी दिली तर?"

"सांग, आज माझा उपास आहे. खोटं नाही ते. एकादशी आहे." कॅलेंडर मी पाहिलं नाही. बहुधा नव्हती.

बाईंनी आम्हाला येताना पाहिलं आणि हात पुसत बाहेर आल्या. आईचे दोन्ही हात धरले. दोघी आपापल्या भाषेत काहीबाही बोलल्या. मी सांगितलं, की आई उद्या जाते आहे. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी स्टूल पुढे केलं, आत गेल्या आणि बशी घेऊन आल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं.

उपासाला जपानीत काय म्हणायचं याचा मी क्षणभर विचार केला. न खाणं असं म्हटलं तर डॉक्टरनं सांगितल्यासारखं वाटतं. धर्माचं आहे हे कळायला हवं होतं. मला शोजिन हा शब्द आठवला. देवळातल्या भिक्षूंचं जेवण, किंवा घरात कुणी गेल्यावर दिवस पाळताना करतात तो स्वयंपाक. मी तो शब्द कधी वापरला नव्हता. ऐकला होता, देवळाच्या एका खाणावळीबाहेर वाचला होता. मी म्हणालो, "आईचं आज शोजिन आहे."

बाईंनी बशी झटकन मागे घेतली. "शोजिन? मग हे नाही चालायचं. यात कात्सुओ आहे."

त्यांनी बशी कपाटावर ठेवली. मग सावकाश विचारलं, "आजच, की नेहमी?"

"नेहमी."

"जन्मापासून?"

"हो."

त्यांनी आईकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "मागे तुम्ही मांस आणि मासा विचारलं होतंत. शोजिन म्हणाला असतात तर मी कोम्बूची दाशी घातली असती. आमच्याकडे लोक दिवसांचं जेवण सांगायला येतात, तेव्हा मी वेगळ्या पातेल्यात करते. त्यात कधी मासा नसतो. आजवर चुकलेलं नाही." आवाजात राग नव्हता. त्यांच्या धंद्यातली साधी गोष्ट त्या मला सांगत होत्या.

"काय म्हणते?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे त्यांच्यातही आहे."

"आहे."

"आणि पातेलंसुद्धा वेगळं."

"हो."

"मग पाटीवर हेच का नाही लिहिलं?"

मी म्हणालो, पाटी इंग्रजीत होती. बैठकीच्या दिवशी मला एवढंच सुचलं होतं, की आपल्या लोकांसाठी लिहायचं म्हणजे इंग्रजीत लिहायचं, आणि मासा आहे की नाही एवढं लिहायचं. पाटी माझ्या लोकांसाठी झाली. दुकानवालीशी बोलायला तिचा उपयोग नव्हता.

बाई कमरेतून वाकल्या, आईसमोर, फार खाली. आई घाबरली. "अगं, उठव रे तिला," म्हणाली आणि स्वतःच त्यांच्या दंडाला धरून उभं केलं. "मला राग नाही, सांग. सांग तिला." मी सांगितलं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, सहा वाजता या.

मी तेवढ्या वेळात एजंटला फोन केला. आईनं सांगितलं नव्हतं, पण स्टुलावरून उठताना ती म्हणाली होती, "जानेवारीतलं ते तिकीट गेलंच का आता?" एजंट म्हणाला, एकदा बदललेलं पुन्हा बदलता येत नाही, नवं घ्यावं लागेल, आणि नाताळाच्या गर्दीत नव्याचा भाव त्यानं सांगितला तो आमच्या आवाक्यातला नव्हता. आईला मी एवढंच म्हटलं, की जागा नाही.

सहा वाजता दुकान बंद करायची वेळ होती. बाईंचे यजमानही खाली आले होते. वेगळं पातेलं त्यांनी आईला उघडून दाखवलं, आतला कोम्बूचा तुकडासुद्धा पळीनं उचलून दाखवला. आईनं बशी घेतली, खाल्ली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"आधीचा जास्त चांगला होता," आई मला हळूच मराठीत म्हणाली. मग बाईंकडे पाहून मान डोलावली आणि आणखी वाढा म्हणून बशी पुढे केली.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"छान झालाय म्हणाली."

आई पुढे पुन्हा जपानला आली नाही. एक वर्ष गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नंतर तिला तेवढा प्रवास नको वाटू लागला. फोनवर ती बाईंची चौकशी करते आणि मी जाऊन कळवतो. पाटी बदलायचं तांदूळवाल्यांशी दोनदा बोलणं झालं. पण वॉर्डाकडून पुन्हा पैसे मिळणार नव्हते, आणि आहे ती पाटी चुकीची आहे असंही कुणाला म्हणता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी निघताना बाईंनी एक डबा बांधून दिला, विमानात खायला. आईनं तो घेतला आणि पर्स उघडली. यापूर्वी तिनं तिथं कधी पैसे दिले नव्हते. बशी ही बशी होती. पण डबा विकायच्या कपाटातला होता, आणि फुकट न्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. बाई नको नको म्हणाल्या. आई ऐकेना. जपानी नाणी तिला ओळखू येत नव्हती, म्हणून होती नव्हती ती सगळी तिनं तळहातावर ओतली आणि हात पुढे धरून उभी राहिली. बाईंनी तिच्या तळहातावरून एक शंभराचं आणि एक पन्नासाचं नाणं उचललं, आणि बाकीच्यांवर तिची बोटं मिटली.